जुना कार्बोरेटर: आधी ओळख, मग पेचकस

जुना कार्बोरेटर स्वतःहून फारसा बिघडत नाही. त्याला बिघडवतात तीन गोष्टी: टाकीत राहिलेलं शिळं पेट्रोल, ओल, आणि आधी उघडून गेलेले हात. तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासदायक. कुणी जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी बूच) रीमरने मोठं करून ठेवलेलं असतं, कुणी दुसऱ्याच मॉडेलचं झाकण चढवलेलं असतं, तर कुणी गळती थांबवायला सिलिकॉन फासलेलं असतं. म्हणून समोर नेमका कोणता नग आहे ते आधी ठरवायचं आणि मग तो कारखान्याच्या मापांवर परत आणायचा. मधे ‘सुधारणा’ नको.

नाव-नंबर कुठं सापडतो

कार्बोरेटरवर आकडे दोन प्रकारचे असतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. साच्यातून आलेले उठावाचे आकडे हे त्या ओतीव भागाचे नंबर. एकच बॉडी पाच-सहा मॉडेलांना वापरलेली असू शकते, त्यामुळे त्या नंबरावरून किट (गॅस्केट वगैरे सुट्या भागांचा संच) मागवलं तर बहुतेक वेळा चुकतं. मॉडेलचा खरा नंबर ठोकलेला असतो, नाहीतर झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली अडकवलेल्या छोट्या पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या टॅगवर असतो. हा टॅग पहिल्याच सर्व्हिसिंगला हरवतो. तुमच्या नगावर तो असेल तर काम संपल्यावर त्याच स्क्रूखाली परत लावा.

एसयू हा ब्रिटिश कार्बोरेटर लांबूनच कळतो: वर घुमटासारखं चेंबर आणि त्यावर काळी किंवा पितळी टोपी. प्रकाराच्या नावातच माप असतं. एचएस२, एचएस४, एचएस६ यांतला आकडा म्हणजे १ इंचावर किती अष्टमांश. म्हणजे एचएस२ सव्वा इंची, एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन इंची. फ्लोट चेंबर (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणारी वाटी) बाजूला वेगळं लटकत असेल तर एच किंवा एचएस, पोटात बॉडीतच असेल तर एचआयएफ. टॅगवर बहुधा एयूसी किंवा एयूडीने सुरू होणारा नंबर असतो आणि मूळ नीडल (जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई) कोणती होती ते त्यावरूनच कळतं. झेनिथ-स्ट्रॉमबर्ग सीडी याच घराण्यातला वाटतो, पण त्याच्या घुमटाखाली पिस्टनला रबराचा डायफ्राम असतो. एसयूच्या या प्रकारांत तो नसतो.

सोलेक्स आणि वेबर यांच्या नावातला पहिला आकडा थ्रॉटलच्या (इंजिनाकडची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेच्या) भोकाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. सोलेक्स ३२ पीबीआयसी म्हणजे ३२ मिमी. वेबर ४० डीसीओई म्हणजे ४० मिमीची दोन भोकं, आडवा कार्बोरेटर. वेबर ३२/३६ डीजीव्ही असेल तर पहिलं भोक ३२ मिमी आणि दुसरं ३६.

अमेरिकी नगांची रीत वेगळी. होलीवर हवेच्या तोंडाशी ‘लिस्ट’ या शब्दापुढे नंबर ठोकलेला असतो. विलीज एमबी जीपचा कार्टर डब्ल्यूओ ५३९एस या नंबरावरून ओळखतात. १९३०च्या दशकातल्या फोर्ड व्ही८ चा स्ट्रॉमबर्ग ९७ तर आकड्यानेच प्रसिद्ध आहे. तो आकडा म्हणजे व्हेंचुरीचा (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याचा) व्यास ०.९७ इंच. त्याच तोंडवळ्याचा ८१ लहान इंजिनासाठी होता आणि त्याची व्हेंचुरी ०.८१ इंच. दोन्ही शेजारी ठेवले तर बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून बॉडीवरचा आकडा वाचा. ८१ मोठ्या इंजिनावर चढवला की गाडी चालते, पण चढावर दम टाकते, आणि मग दोष प्लगला दिला जातो.

नंबर मिळालाच नाही तर मापं घ्या. हवा खालून वर जाते, आडवी जाते की वरून खाली, हे आधी लिहा. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत खालून वर जाणारे खूप सापडतात. मग थ्रॉटलचं भोक, व्हेंचुरीचा सगळ्यात अरुंद भाग, फ्लँजवर (इंजिनाला जोडायच्या सपाट कडेवर) स्टड किती आणि त्यांचं केंद्र ते केंद्र अंतर, पेट्रोलच्या नळीचे आटे, चोक हाताचा की आपोआप. ही सहा-सात मापं व्हर्नियरने ०.१ मिमीपर्यंत घेतली की जुन्या पार्ट्स कॅटलॉगातून दोन-तीनच पर्याय उरतात. झाकण आणि बॉडी एकाच नगाचे आहेत का तेही इथंच बघा: मधल्या गॅस्केटवरची प्रत्येक वाट दोन्ही बाजूंच्या भोकांना जुळली पाहिजे. जुळत नसेल तर किट मागवू नका, आधी खरं झाकण शोधा.

उघडण्याआधी

चारही बाजूंनी फोटो काढा. लिंकेजच्या प्रत्येक स्प्रिंगचा वेगळा, कारण स्प्रिंगचं टोक कोणत्या भोकात होतं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मिक्श्चरचा स्क्रू (आयडलला, म्हणजे पाय न मारता इंजिन चालतं तेव्हा, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) आत फिरवून हलकेच तळाला टेकवा आणि किती आटे गेला ते पाव आट्यापर्यंत मोजून लिहा. आयडलचा स्क्रूही तसाच. सुटे भाग ठेवायला बर्फाचा ट्रे बरा: काढलेल्या क्रमाने एकेका कप्प्यात.

काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला. स्प्रेचा फवारा एका भोकात मारला की दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यांत येतो, आणि तो नेमका कुठून येईल याचा अंदाज कुणालाच नसतो.

पेच सोडवताना

जेट पितळी आणि मऊ असतात. पेचकसाचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं आणि तितक्याच जाडीचं हवं. बाजारातलं पातं निमुळतं असतं, ते खाचेत वर चढतं आणि कडा फाडतं. जुना पेचकस ग्राइंडरवर घासून दोन्ही बाजू समांतर करून घेतला तर दहापैकी नऊ जेट न दुखावता निघतात. उरलेल्या एकासाठी अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सम प्रमाणात मिसळून रात्रभर ठेवा, सकाळी हॉट एअर गनने त्या जागेला हात लावता येणार नाही इतपत ऊब द्या आणि पेचकसाच्या मुठीवर हलकी टिचकी मारून मगच फिरवा. गॅसची ज्योत लावू नका. बॉडी बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूची असते. ती ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याआधी रंग बदलून इशारा देत नाही.

बटरफ्लायचे (थ्रॉटलच्या दांड्यावर बसवलेल्या गोल पातळ पत्र्याचे) दोन छोटे स्क्रू मागच्या बाजूने ठोकून पसरवलेले असतात, नाहीतर सुटले की ते थेट इंजिनात जातात. दांड्यात खेळ नसेल तर त्यांना हात लावू नका. काढायचेच असतील तर पसरलेलं टोक आधी कानशीने घासून काढा. तसेच पिळले तर स्क्रू तुटतो आणि दांड्यातले आटेही जातात. बटरफ्लायची कड तिरपी कापलेली असते, म्हणून कोणती बाजू वर आणि कोणती डावीकडे ते खरवडून खूण करा.

अॅक्सिलरेटर पंपाच्या वाटांत छोट्या गोळ्या असतात, काहींच्या वर बारीक वजन किंवा स्प्रिंग. बॉडी उलटी करायची ती ट्रेवरच, आणि कोणत्या भोकातून किती व्यासाची गोळी पडली ते लिहून. दोन गोळ्यांची अदलाबदल झाली की पंप दाबला तरी पेट्रोल उलटं वाटीत जातं आणि पाय मारताच गाडी झटका खाते.

सफाई

आधी रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने बाहेरची घाण. मग रबर, नायलॉन, कॉर्क, चामडं असं सगळं बाजूला काढून बॉडी कार्बोरेटर क्लीनरमध्ये. डबाभर क्लीनरमध्ये बुडवायचं असेल तर डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नको. कॉस्टिक सोड्याच्या जवळही जाऊ नका, तो जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातो. फ्लोटच्या वाटीत पांढरी भुकटी साचलेली असते ती ओलीने सडलेलं जस्त. पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटं ठेवली की सुटते. लक्ष ठेवून काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा आणि लगेच हवा मारून वाळवा. भुकटीखाली खड्डे असतील तर ते वाढलेत का बघा. फ्लोटच्या नीडलच्या (वाटी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) सीटजवळ खड्डा खोल गेला असेल तर तो नग फक्त सुट्या भागांच्या कामाचा.

अल्ट्रासॉनिक टब असेल तर उत्तम, पण त्यानेही आतल्या वाटा मोकळ्या झाल्याच असं नाही. प्रत्येक वाट स्वतः तपासा: एका टोकातून स्प्रे मारा आणि दुसऱ्या टोकातून सरळ, भरीव धार येते का बघा. सगळ्यात दगा देणारी जागा म्हणजे आयडलची वाट. बटरफ्लायच्या कडेजवळ दोन-तीन सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. खालचं भोक आयडलचं, वरची थ्रॉटल उघडायला लागल्यावर पेट्रोल देणारी. यातलं एखादं बंद असेल तर आयडल छान, पुढं वेगातही छान, मधेच मात्र खड्डा.

भोकांत स्टीलची तार घालू नका. विजेच्या वायरमधला एकच तांब्याचा धागा किंवा नायलॉनच्या ब्रशचा केस पुरतो. वाट वॉशरसारख्या गोल पत्र्याने बंद केलेली असेल आणि पलीकडे धार येतच नसेल, तर तो पत्रा काढावा लागतो. मधोमध बारीक भोक पाडायचं, पत्र्यापुरतंच, आत ड्रिल घुसू न देता. स्क्रू अडकवून तो उपटायचा. नवा पत्रा फुगीर बाजू बाहेर ठेवून बसवायचा आणि सपाट पंचने मधे एक ठोका द्यायचा, म्हणजे तो पसरून घट्ट बसतो. विनाकारण मात्र काढू नका.

मापं आणि झीज

इथं घाई करू नका. किटमधली गॅस्केटं बदलून परत जोडणाऱ्यांचे कार्बोरेटर सहा महिन्यांत परत उघडतात ते इथलं काम न केल्यामुळे.

*थ्रॉटलचा दांडा.* दांडा आडवा हलवून बघा, डायल गेज लावलं तर आणखी चांगलं. ०.१ मिमीपर्यंतचा खेळ चालून जातो, ०.२ च्या वर बुश घाला. खेळ का नको? आयडलला बटरफ्लायखाली जोरदार निर्वात असतो आणि दांड्याच्या कडेने हवा आत ओढली जाते. ती हवा कुठल्याच जेटच्या हिशेबात नसते. मग मिक्श्चरचा स्क्रू कितीही उघडला तरी आयडल डुलत राहतं. कार्बोरेटर अजून गाडीवरच असेल तर एक सोपी परीक्षा आहे: इंजिन चालू असताना दांड्याच्या टोकाला जाड तेलाचा एक थेंब सोडा. काही क्षण आवाज बदलून परत पूर्ववत झाला तर वाट तिथंच आहे.

बुशिंगचं काम असं: ८ मिमीच्या दांड्यासाठी बॉडीची भोकं १० मिमीवर रीम करायची, दोन्ही बाजू एकाच रेषेत राहाव्यात म्हणून लांब पायलट असलेल्या रीमरने. कांस्याचे बुश दाबून बसवायचे आणि आतून दांड्याला ०.०२ ते ०.०५ मिमी मोकळीक राहील इतकं रीम करायचं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ड्रिल केल्या तर दांडा जाम होतो. पिलर ड्रिल नसेल तर हे काम टर्नरकडे द्या, त्यात कमीपणा नाही. दांडाच झिजला असेल, म्हणजे मधल्या भागापेक्षा बेअरिंगच्या जागी बारीक लागत असेल, तर नुसत्या बुशने भागणार नाही.

बटरफ्लाय परत लावताना आयडलचा स्क्रू पूर्ण मागे घ्या, बटरफ्लायचे स्क्रू सैल ठेवा, थ्रॉटल बंद करा आणि बटरफ्लायला हलके टिचकी मारत भोकात मधे बसू द्या. दिव्यासमोर धरा. सगळीकडून केसाएवढी एकसारखी रेघ दिसली किंवा काहीच दिसलं नाही तर बरोबर. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर परत सैल करा. स्क्रू नवे, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकसह, आणि टोकं परत पसरवून.

*फ्लोट.* पितळी फ्लोट कानाशी हलवा. पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. आवाज नसला तरी साधारण ८० अंशांच्या गरम पाण्यात बुडवून धरा, आतली हवा फुगते आणि जिथं फट असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. पेन्सिलने खूण करा. आत पेट्रोल असेल तर लगेच डाग द्यायला जाऊ नका, आतली वाफ पेटते. १ मिमीचं भोक पाडून फ्लोट उघड्यावर दोन दिवस निथळू द्या, मग इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने, ज्योत न वापरता, आधी गळकी जागा आणि शेवटी ते भोक बंद करा. आधी आणि नंतर वजन करा. सोल्डर जितकं जास्त तितका फ्लोट जड, आणि जड फ्लोट म्हणजे वाटीत पेट्रोलची पातळी वर. कॉर्कचा फ्लोट असेल तर तो बदलाच. कॉर्कवरचं जुनं वॉर्निश इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये सुटतं आणि त्याचे पापुद्रे जेटमध्ये जाऊन बसतात.

*नीडल आणि सीट.* नीडलच्या टोकावर गोल कडं उमटलेलं असेल तर ती गेली, घासून सरळ करण्याचा नाद करू नका. नवी घेताना टोक व्हिटॉनचं असेल तर चांगलं. सीटवरचा आकडा, उदाहरणार्थ १.५ किंवा २.०, म्हणजे भोकाचा व्यास मिलीमीटरमध्ये. मोठी सीट घातली की पेट्रोल पंपाचा दाब नीडलला जास्त जोराने ढकलतो आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. सीटखालचं वॉशरही जुन्याच जाडीचं हवं. ते बदललं की फ्लोटची पातळी बदलते.

*जेट.* सोलेक्स आणि वेबरच्या जेटवरचा आकडा मिमीच्या शंभराव्या भागात वाचायचा: १२० म्हणजे १.२० मिमी. होलीचे आकडे असे वाचू नका, त्यांना स्वतःचा तक्ता आहे. आकड्यावर विश्वास न ठेवता पिन गेज घालून बघा. १२० च्या जेटमधून १.२५ ची पिन आरपार गेली तर कुणीतरी ते रीम केलंय. व्यासात फरक ४ टक्के, पण भोकाच्या क्षेत्रफळात साडेआठ टक्के. पिन गेज नसेल तर बारीक ड्रिलच्या बोथट बाजूने तपासता येतं, धारदार बाजूने नाही. आणि एअर जेटचा उलटा न्याय ध्यानात ठेवा: मेन जेट मोठं केलं की मिश्रण दाट होतं, एअर जेट मोठं केलं की पातळ, विशेषतः वरच्या वेगात.

इथेनॉलबद्दल एक हिशेब. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण १४.१ पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण सुमारे ४ टक्के पातळ पडतं. इंजिन गरम राहत असेल आणि प्लग पांढरट पडत असतील तर १२० च्या जागी १२२.५ हा समंजस उपाय. तेवढंच. याच्यापलीकडे जेट बदलावंसं वाटलं तर कारण दुसरीकडे आहे.

*सपाटी.* फ्लँजवर आणि झाकणाच्या बैठकीवर पोलादी पट्टी उभी धरून ०.०५ मिमीचं फीलर गेज सरकवून बघा. कान वाकलेले सापडणारच, कारण गळती थांबावी म्हणून प्रत्येक जण नट आणखी आवळतो. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, थोडं रॉकेल टाका आणि आठच्या आकड्यात फिरवा. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी बघा. सगळीकडे एकसारखी चमक आली की थांबा. खालचा बेकेलाइटचा ब्लॉकही तपासा, तोही वाकतो.

जोडणी

गॅस्केटं कोरडी लावा. सिलिकॉन नकोच. ते पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याचे धागे सुटून नेमके आयडल जेटमध्ये जातात. पंपाचा चामड्याचा वॉशर असेल तर इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवा, बोटांनी चोळून मऊ करा आणि त्याची कड बाहेर पसरवून सिलिंडरमध्ये घाला. घालताना कड दुमडली तर पंप मेला.

फ्लोटची पातळी त्या मॉडेलच्या पत्रकात दिलेल्या आकड्यावरच लावा आणि तो आकडा गॅस्केटसह की गॅस्केटशिवाय ते नीट वाचा. फ्लोटची जिभली वाकवताना नीडलवर दाब देऊ नका, विशेषतः टोक रबरी असेल तर. फ्लोट उचलून धरा आणि मग वाकवा. झाकणाचे स्क्रू तिरपे-तिरपे दोन टप्प्यांत आवळा. मिक्श्चरचा स्क्रू तळाला हलकेच टेकवून दीड आटा बाहेर काढा. त्याच्या टोकावर खोबण पडली असेल तर तो आधीच बदललेला असावा. तशा स्क्रूवर बारीक जुळणी होत नाही.

मग बाकावरच परीक्षा. वाटी भरा, अर्धा तास ठेवा, खाली कागद पसरा. पंप दाबला की नोझलमधून ताबडतोब धार आली पाहिजे, उशिराने आलेले शिंतोडे नाहीत.

एसयू आणि स्ट्रॉमबर्ग सीडी

यांच्यात वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळी जेटं नाहीत, एकच जेट आणि त्यात वर-खाली होणारी निमुळती नीडल. घुमट आणि पिस्टन ही जोडी असते, दोन कार्बोरेटर एकदम उघडले असतील तर ती मिसळू देऊ नका. आतून पेट्रोल किंवा स्पिरिटने पुसा, पॉलिश पेपर कदापि नाही. तेल फक्त मधल्या दांड्याला, एक थेंब.

एसयूची झीज पडताळायची अशी: पिस्टनच्या खालची दोन भोकं बंद करा, स्प्रिंग न घालता पिस्टन घुमटात पूर्ण आत सारा, डॅम्पर (टोपीला जोडलेला, तेलात हलणारा छोटा दांडा) लावा, घुमट खाली येईल असं उलटं धरा आणि हात फक्त पिस्टनवर ठेवा. घुमट घसरून खाली यायला सव्वा इंची कार्बोरेटरमध्ये ३ ते ५ सेकंद लागले पाहिजेत, त्याहून मोठ्यांत ५ ते ७. खाली अलगद झेलायला दुसरा हात असू द्या.

नीडलचा खांदा पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागाशी सपाट. नायलॉनचा फ्लोट असलेल्या एचएसमध्ये झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकणाच्या कडेमधलं अंतर ३.२ ते ४.८ मिमी. जेट वर सारून पुलाशी (पिस्टनखालच्या, जेट असलेल्या उंचवट्याशी) सपाट करा आणि मग नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली आणा. स्थिर नीडल असलेल्या जुन्या नगांत जेट मधोमध बसवावं लागतं: लॉकनट सैल करा, पिस्टन खाली दाबून धरा, नट आवळा. पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक्’ असा धातूचा आवाज आला पाहिजे, जेट वर असतानाही आणि खाली असतानाही. एका ठिकाणी आवाज बसका आला तर नीडल घासते आहे. नंतरच्या स्प्रिंगवाल्या नीडलला हे मध्ये बसवणं लागत नाही.

डॅम्परमध्ये एसएई २० तेल. टोपीला हवेचं भोक असेल तर पोकळ दांड्याच्या वरच्या कडेपेक्षा अर्धा इंच वर, भोक नसलेल्या धूळरोधक नगात अर्धा इंच खाली. तेल नसेल तर पाय मारताच मिश्रण क्षणभर पातळ पडतं आणि गाडी अडखळते. स्ट्रॉमबर्ग सीडीत डायफ्रामची छोटी जीभ तिच्या खाचेत बसली की नाही बघा आणि डायफ्राम उजेडासमोर ताणून बघा. टाचणीएवढं भोकही पिस्टनला वर चढू देत नाही.

गाडीवर चढवल्यावर

कार्बोरेटरला दोष देणं सोपं असतं, म्हणून आधी बाकीचं: टॅपेट, पॉइंट, टायमिंग, प्लग. हे बरोबर नसेल तर मिक्श्चरचा स्क्रू फिरवून काहीही हाती लागणार नाही. पेट्रोल पंपाचा दाब मोजा. बहुतेक जुन्या नगांना २.५ ते ३.५ पीएसआय पुरतो. नवा इलेक्ट्रिक पंप लावलेला असेल तर इथंच ओव्हरफ्लोचं मूळ सापडतं.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. स्थिर जेटच्या (सोलेक्स, वेबर वगैरे) कार्बोरेटरला व्हॅक्यूम गेज लावा आणि मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत काटा सर्वात वर नेऊन सोडा, मग आयडल कमी करा आणि परत एकदा मिक्श्चर बघा. साध्या कॅमच्या धडधाकट इंजिनावर समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो, आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच उतरतो. काटा सगळ्यात वर येण्याची जागाच सापडत नसेल, स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर पेट्रोल आयडलच्या वाटेने येतच नाही: बटरफ्लाय जास्त उघडी आहे किंवा वाटीची पातळी वर आहे.

एसयूची परीक्षा वेगळी. आयडलला पिस्टन ०.८ मिमी, म्हणजे जेमतेम, उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट, पडला तर पातळ, क्षणभर किंचित वाढून परत आला तर बरोबर.

रस्त्यावरची लक्षणं अशी वाचा. बंद केल्यावर गरम इंजिन परत लागत नाही आणि पेट्रोलचा वास येतो: वाटीतलं पेट्रोल उकळून सांडतंय, बेकेलाइटचा ब्लॉक आणि उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का बघा. पाय मारताच खड्डा: पंपाची गोळी, पंपाचं चामडं, एसयूत तेल. सरळ रस्त्यावर ठीक, पण लांब चढावर काही मिनिटांनी दम जातो: बहुतेक वेळा जेट नाही, पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पेट्रोल पंप, जाळी किंवा टाकीतला गंज. एका वळणावरच बंद पडते: फ्लोटची पातळी खाली.

शंभरेक किलोमीटरनंतर थंड इंजिनावर फ्लँजचे नट परत एकदा हलक्या हाताने तपासा, नवी गॅस्केटं गरम-थंड होऊन दबतात. सगळे प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. बिस्किटी रंग ठीक, काजळी दाट मिश्रणाची, पांढरा भाजका रंग पातळाचा. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर कार्बोरेटर परत उघडू नका, त्या सिलिंडरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा.